४२ मुलांचा एकच डोंगर: चित्रकलेच्या तासाला नेमकं द्यायचं काय?

मॅडम, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गेवराई तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते सातवी मिळून ४२ मुलं, आठवड्याला चित्रकलेचे ३५ मिनिटांचे दोन तास. दिवाळीनंतर पालक ऊसतोडीला जातात आणि वर्ग अर्धा होतो. साहित्याला पैसे जवळजवळ नाहीतच. तुम्ही व्हिडिओ बघून आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बाटलीची फुलदाणी असे उपक्रम करून घेतले. मुलं रमली, पण चित्र काढा म्हटलं की पुन्हा तेच: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी आणि नारळाचं झाड. ‘मुलांमध्ये कल्पनाशक्तीच कमी आहे, की मी चित्रकलेची शिक्षिका नाही म्हणून असं होतंय?’ असं तुम्ही विचारलंय, आणि मुलांना सहलीला कुठे न्यावं हेही.

दोन्ही कारणं खरी नाहीत. मी धाराशिव जिल्ह्यात हायस्कूलला २७ वर्षं चित्रकला शिकवली. आठवीत आलेली मुलं पहिल्या तासाला हाच डोंगर घेऊन यायची. तुमच्या तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते, पण तिच्या काठावर असे त्रिकोणी डोंगर कुठे आहेत? आपला बालाघाट तर माथ्यावर सपाट, सुरीने कापल्यासारखा. शिवारात बाभळी, लिंब, चिंचा. नारळ एखाद्याच्या दारात असला तर असला. म्हणजे मूल काढतंय ते त्याने पाहिलेलं नाही, कल्पिलेलंही नाही. ते पाठ केलेलं उत्तर आहे. ‘चित्र’ हा प्रश्न आणि ‘डोंगर-सूर्य-झोपडी’ हे त्याचं उत्तर. या उत्तराला कधी कोणी चूक म्हटलेलं नाही, म्हणून ते सुरक्षित वाटतं.

यात वयाचाही भाग आहे. मुलांच्या चित्रांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी साधारण नऊ ते बारा वर्षांचा टप्पा वेगळा काढून दाखवला. या वयात मुलाला कळायला लागतं की आपण काढलेली गाय खऱ्या गायीसारखी दिसत नाही. पहिलीतलं लेकरू बेधडक काढतं, सहावीतलं हात आखडतं. तुमच्याकडे नेमकी याच वयाची मुलं आहेत. त्यांना ‘मनाने काहीही काढा’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या काठावर उभं करून ‘मार उडी’ म्हणण्यासारखं आहे. मूल ओळखीच्याच पायरीवर उतरणार.

आता काड्यांच्या घराबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्यात हात चालतात, पण निर्णय सगळे व्हिडिओतल्या माणसाने आधीच घेतलेले असतात. किती काड्या, कुठला रंग, छप्पर कसं, सगळं ठरलेलं. तो डोंगरच आहे, फक्त फेविकॉलने चिकटवलेला. मी एक कसोटी लावत आलो. तास संपला की सगळी कामं नावं झाकून एका ओळीत मांडायची. कुठलं कोणाचं हे ओळखू येत नसेल, तर तो उपक्रम मुलांचा नव्हता, माझा होता.

उपाय सांगण्याआधी, कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगतो. शाळेत पाणी नसेल तर माती आणि रंगाचं काम पावसाळ्यातच करा. वाळवण ठेवायला एखादी खोली किंवा कपाटाचा माथा नसेल तर मोठी कामं घेऊ नका. मुख्याध्यापकांना वर्ग थोडा मळलेला चालणार आहे का, हे आधी विचारून घ्या. आणि वेगळा कलाशिक्षक मिळण्याची वाट पाहू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त पट असलेल्या शाळांसाठी आहे. तुमच्या पटावर ते बसत नाही. पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी हायस्कूलला माझ्याकडे नव्हती. वेळापत्रक तुम्हीच बनवता. चित्रकला आणि कार्यानुभव यांचे तास पाठोपाठ घ्या. ३५ मिनिटांत साहित्य वाटून होतं आणि आवरून होतं, काम होत नाही. सलग ७० मिनिटं मिळाली की सगळं बदलतं.

माझी पद्धत थोडक्यात अशी: मुलांना चित्र द्यायचं नाही, एक साहित्य द्यायचं, एक हाताळलेली वस्तू द्यायची आणि एक अट घालायची. बाकी त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. हे कसं चालतं ते दोन उपक्रमांतून सांगतो.

पहिला कोळशाचा. तुरीची रास झाली की शिवारात तुराटीचे ढीग पडलेले असतात. करंगळीएवढ्या जाडीच्या, कडकडीत वाळलेल्या काड्या घ्या, साल सोलून टाका. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, पण रंगाचा किंवा औषधाचा नको, त्यातून घाण धूर येतो. डब्याच्या उंचीच्या काड्या कापून एकही हलणार नाही इतक्या दाबून भरा, झाकण लावा आणि झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडा. हा डबा चुलीच्या निखाऱ्यावर ठेवायचा. आधी पांढरी वाफ येते, मग पिवळसर धूर, कधी भोकावर ज्योतही धरते. धूर थांबला की डबा बाहेर काढून भोक ओल्या मातीने बंद करायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम असताना उघडलात तर हवा लागून काड्या पेटतात आणि हातात राख येते. आच आणि डब्याच्या आकाराप्रमाणे अर्धा-पाऊण तास लागतो. हे काम घरी तुम्ही स्वतः करा, मुलांना चुलीजवळ नको. पऱ्हाटीचाही, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचाही, कोळसा होतो, पण तुराटीचा मऊ आणि एकसारखा उतरतो.

कोळसाच का? बारीक टोक काढून, पट्टी लावून, वहीच्या कोपऱ्यात चार बोटं जागेत चित्र काढायची जी सवय लागलेली असते, ती कोळशाने चालतच नाही. हात खांद्यापासून फिरवावा लागतो. आणि चुकलं तर जुन्या कापडाने झटकलं की बरंचसं पुसलं जातं. चुकायची भीती गेली की निम्मं काम झालं. कागदासाठी रद्दी वर्तमानपत्राचं पूर्ण पान वापरा. छापील अक्षरांवर ठळक काळी रेघ छान उठते. लग्नपत्रिकेचा गुळगुळीत कागद मात्र कोळसा धरत नाही.

आता वस्तू. मी सायकल घ्यायचो. पहिल्या तासाला सायकल बाहेर ठेवून सांगायचो, ‘आठवून काढा.’ सगळ्यांना येतेय असं वाटतं, कारण सगळे रोज चालवतात. मग कागद बाजूला ठेवायचे आणि खरी सायकल वर्गात आणून दोन बाकांवर आडवी-उभी कशी दिसेल तशी मांडायची. दहा मिनिटं हातात काहीच नाही, नुसतं बघायचं. मी प्रश्न विचारत राहायचो. पायडल कशाला जोडलंय? मधली नळी कुठून कुठे जाते? हँडलचा दांडा पुढच्या चाकापर्यंत कसा पोचतो? एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हता, उभा राहून म्हणाला, “सर, चैन तर मागच्याच चाकाला हाय की!” त्याने आठवून काढलेल्या चित्रात साखळी दोन्ही चाकांना गुंडाळलेली होती, आणि एकट्या त्याच्याच नाही, कितीतरी जणांच्या. त्यानंतर त्याच मुलांनी कोळशाने जे काढलं ते वेडंवाकडं होतं, चाकं अंडाकृती होती, पण प्रत्येक सायकल वेगळी होती. एकाने नुसतं सीट आणि त्याखालच्या स्प्रिंगा पानभर काढल्या. एका मुलीला हँडलला अडकवलेली पिशवीच महत्त्वाची वाटली.

दोन्ही कागद शेजारी शेजारी दोरीला लावा. तुम्हाला काही सांगावं लागत नाही, मुलंच बोलायला लागतात. कोळसा हाताला लागतो, चित्रही पुसटतं. ते टिकवायचं असेल तर साय काढलेलं दूध पाण्यात पातळ करून फवाऱ्याच्या बाटलीने लांबून हलका फवारा मारा आणि वाळू द्या. चित्रकारांची ही जुनी युक्ती आहे.

सायकलच्या जागी कुलूप, अडकित्ता, शिवणयंत्र, दुधाची कॅन काहीही चालेल. पण वस्तू अशी हवी की तिचा एखादा भाग दुसऱ्या भागाला हलवतो. मग मुलाला नुसती बाह्यरेषा काढून भागत नाही. ते कसं चालतं हे शोधावं लागतं.

दुसरा उपक्रम मातीचा, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी पोळ्याच्या आधी मी मुलांकडून बैल करून घेतले. शाळेमागच्या रानातली काळी माती भिजवली, मळली, दिवसभरात तीसेक बैल तयार झाले. पोरं हरखून गेली. आठवड्याने बघतो तर कोणाचं शिंग गळालेलं, कोणाचा पाय फाटलेला, पाठीवर भेगा. एक लहानगी आपला दोन तुकडे झालेला बैल ओंजळीत धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती. मला फार लागलं ते, कारण मेहनत तिची होती आणि अडाणीपणा माझा.

आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच बैलाच्या अंगावर होतं. गावातल्या कुंभारमामांकडे गेलो तर ते म्हणाले, “नुसत्या मातीचं काय बी टिकत नाय गुरुजी, तिला सोबत लागती.” ते तळ्याच्या गाळात चाळलेली राख आणि घोड्याची लीद मिसळायचे. राख आणि बारीक वाळू आकसणं कमी करतात, लिदीतले तंतू माती धरून ठेवतात.

तेव्हापासून मी बैलाच्या आधी टिकल्या करून घेऊ लागलो. पाच गट, पाच वेगवेगळी मिश्रणं: नुसती काळी माती, माती आणि राख, माती आणि वाळू, माती आणि गव्हाचा भुसा, माती आणि भिजवून कुस्करलेला कागद. प्रत्येक गटाने एक जाड टिकली थापायची आणि ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची. आठवड्याने ती रेघ पुन्हा मोजायची. आमच्याकडे नुसत्या काळ्या मातीची रेघ साडेआठवर आली होती. शेकडा किती आकसली, हे गणित मुलं फळ्यावर न बोलावता करतात. कुठली माती वापरायची हे मग वर्गच ठरवतो, आणि त्या निवडीला कारण असतं. तुमच्या गावची माती वेगळी असेल, म्हणून प्रमाण मी सांगत नाही, टिकली सांगेल.

बैल करताना पाय वेगळे चिकटवू देऊ नका, एकाच गोळ्यातून ओढून काढायला सांगा. शिंगं चिकटवायचीच तर दोन्ही बाजूंना काडीने खरवडून मध्ये पातळ चिखल लावायचा. वाळवायचं सावलीत, पहिले दोन दिवस ओल्या बारदानाखाली. आणि अट अशी घाला: बैल उभा नको. तो बसलेला, मान खाली घालून चरणारा, अंग खाजवणारा, ओढताना पुढे झुकलेला असा कुठल्या तरी क्रियेत हवा. एवढ्या एका अटीने बाजारात मिळणारा साच्यातला बैल वर्गातून गायब होतो. मुलं घरी जाऊन खरा बैल बसतो कसा, पुढचे पाय आधी दुमडतो का मागचे, हे बघून येतात.

याच मातीवरून अजिंठ्याकडे जाता येतं. मुलांना आपण सांगतो की अजिंठ्याची चित्रं जगप्रसिद्ध आहेत, १९८३ साली युनेस्कोने लेणी जागतिक वारशात घेतली, आणि तिथेच थांबतो. पण त्या रंगाखाली काय आहे? खडबडीत दगडावर मातीचा गिलावा आहे, त्यात शेण, तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. कुंभारमामांचीच युक्ती, दीड हजार वर्षांपूर्वीची. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि वाळलेल्या पृष्ठभागावर चित्र. पिवळा आणि तांबडा रंग गेरूच्या जातीच्या मातीचे, काळा काजळीचा. ज्याची टिकली भुशामुळे तडकली नाही, त्या मुलाला हे सांगून बघा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मग वर्गात भिंतीचा तुकडा करता येतो. फुटक्या फरशीवर किंवा कौलावर भुसा मिसळलेल्या मातीचा बोटभर जाड थर, वाळल्यावर खडूची पूड आणि डिंकाचं पाणी यांचा पातळ हात. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घेतला की झालं. चुना वापरू नका, डोळ्यात उडाला तर इजा होते. रंगांना गेरू, पिवडी (पिवळी माती) आणि काजळी, तीही डिंकाच्या पाण्यातच खलायची. हळद मुलं हौसेने आणतात. आणू द्या, पण ती उजेडात विटते, हेही त्यांना करून बघू द्या. चुना लागला की ती लाल होते, ते मात्र तुम्ही स्वतः करून दाखवा. काय काढायचं? हात. अजिंठ्याच्या चित्रांत हात फार बोलके आहेत. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ज्या नाजूकपणे कमळ धरतो ते एकदा मोठ्या छायाचित्रात दाखवा आणि सांगा, घरी कोणाचा तरी हात काम करताना बघून या. भाकरी थापणारा, कोयता धरलेला, सुई ओवणारा. त्यांनी आणलेल्या हातांमध्ये मी कधीही दोन सारखे पाहिले नाहीत.

सहलीचं विचारलंत म्हणून: गेवराईहून पैठण जवळ आहे. विणकर पैठणीचा मोर एकेक रंगीत धागा हाताने भरून कसा उठवतात, हे मुलांना मागावर दाखवा. ती विण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. चौकटीच्या कागदावर घर भरत मोर काढायला लावलं की मोराला पायऱ्या पायऱ्यांसारख्या कडा का असतात हे कळतं. कधी धाराशिवकडे येणं झालं तर तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नका. सातवाहन काळातल्या भाजलेल्या मातीच्या छोट्या मूर्ती तिथे आहेत, आणि बैल करून गेलेलं मूल त्या वेगळ्या नजरेने बघतं.

ठशांचं काम तुम्हाला माहीतच असेल, त्यावर फार लिहीत नाही. भेंडी आणि बटाट्यापेक्षा जुन्या स्लिपरचा तळवा कापून केलेला ठसा वर्षभर टिकतो. ब्लेड मोठ्यांनीच चालवावं.

इथवर साहित्य, वस्तू आणि अट झाली. आता सगळ्यात अवघड भाग: मूल काम घेऊन आपल्याकडे येतं तेव्हा काय बोलायचं. आपण सवयीने ‘छान’ म्हणतो आणि मूल परत जातं, कारण विषय संपला. मी दिसेल ते सांगायला शिकलो. “तू म्हशीचं शिंग खूप जोरात दाबून काढलंयस आणि शेपटी हलक्या हाताने.” मूल लगेच सांगायला लागतं की असं का. ‘सर, फळ्यावर काढून द्या ना’ अशी मागणी येईलच. तेव्हा फळ्यावर काढू नका, वस्तूजवळ घेऊन जा. आणि मुलाच्या कागदावर आपली रेघ कधीही मारू नका. एक कान दुरुस्त केला तरी ते चित्र त्याचं उरत नाही.

नक्कल वाईटच, असंही माझं म्हणणं नाही. १८७२ पासून मुंबईच्या कला विद्यालयातले विद्यार्थी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून चित्रांच्या नकला करत होते आणि त्यातून खूप शिकले. पण ते मूळ चित्रासमोर बसून बघत होते. फळ्यावरच्या डोंगराची नक्कल करताना मूल काहीच बघत नाही.

पालक आणि केंद्रप्रमुख ‘याचा उपयोग काय’ विचारतील. त्यांना सांगा की पुढे हायस्कूलला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आहेत, त्यात वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असतं, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. सायकलचे दोन कागद म्हणजे नेमकी स्मरणचित्राची आणि वस्तुचित्राची तयारी. मूल्यमापनाच्या आकारिक नोंदींसाठी प्रत्येक मुलाचं जूनचं एक आणि मार्चचं एक काम जपून ठेवा, तारीख टाकून. दोन्ही समोर ठेवले की वर्णनात्मक नोंद आपोआप सुचते.

राहिला ऊसतोडीला गेलेल्या मुलांचा प्रश्न. लांबलचक प्रकल्प घेऊ नका. प्रत्येक काम दोन-तीन बैठकांत पुरं झालं पाहिजे, म्हणजे मधूनच आलेलं मूल मागे पडत नाही. दोरीवर त्यांच्या नावाची जागा रिकामी ठेवा, काढून टाकू नका. आणि ती परत आली की त्यांना वर्गाचं राहिलेलं काम देऊ नका. त्यांना कोपी, म्हणजे ऊसतोडीच्या तळावर राहायची झोपडी, करायला सांगा. एका वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा चैत्रात परतला आणि त्याने काड्या, पाचट आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांची वीतभर कोपी केली. आधी कामट्या वाकवून कमान, मग आडवे बांध, मग वरचं आच्छादन. वारा कुठून येतो ते बघून दार कुठल्या तोंडाला ठेवायचं आणि चूल कुठे मांडायची, हे तो सांगत होता आणि अख्खा वर्ग त्याच्याभोवती बसला होता. नंतर बाकीच्यांनी तीच कोपी समोर ठेवून कोळशाने काढली. त्या दिवशी नारळाचं झाड कोणीच काढलं नाही.